पादत्राणे बाहेर काढावीत

"थांब तिथंच. पाय उचलू नको," असं म्हणत बजरंग फोरमननं चालू लेथ बंद केला.

राजेश्वरी थांबली. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये ती जेमतेम चार पावलं आत आली होती, आणि अनवाणी होती. तिचे नवेकोरे काळे बूट दाराबाहेर एकमेकांना चिकटून ठेवलेले होते, देवळाबाहेर ठेवावेत तसे. मोजेसुद्धा घडी करून त्यात खोचलेले. शेडच्या जमिनीवर सकाळपासून कातलेल्या लोखंडाचा कीस पसरला होता, तेलात भिजलेला, गुंडाळ्या झालेला, ब्लेडच्या धारेचा. त्यातलाच एक तुकडा तिच्या टाचेत शिरला होता. तिनं हूं की चूं केलं नाही. कामावर घेतील की नाही ते ठरायचं असताना ओरडू नये, एवढं तिला कळत होतं.

"देऊळ हाय का हे?" पलीकडच्या मशीनवरचा एक जण म्हणाला आणि सगळी शेड हसली.

बजरंग हसला नाही. तो तिच्या मागे बघत होता. तिथं तिला घेऊन आलेला तिचा मास्तर कादर उंबऱ्याबाहेर एका गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या उजव्या बुटाची लेस अर्धी सुटलेली होती.

कादरनं उभी हयात लेथवर काढली होती. याच एमआयडीसीत, पुढं बंद पडलेल्या एका कंपनीत, याच बजरंगला त्यानं लेथचा चक आवळायला शिकवलं होतं. पहिल्या दिवशी बजरंग स्लिपर घालून आला तेव्हा कादरनं त्याला दारातून हाकलला होता, आधी बूट घेऊन ये आणि मग तोंड दाखव म्हणून. तो कादर आज कारखान्यात शिरण्याआधी बुटाची लेस सोडत होता. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेले होते.

"कादरभाई, उठा," बजरंग हळू आवाजात म्हणाला. "पोरं बगत्यात."

तो हळू आवाज कादरला हसण्यापेक्षा जास्त झोंबला.

टाचेतला तुकडा निघाला, पट्टी बांधली गेली, बूट पायात चढले. मग बजरंगनं तिला एका मोकळ्या लेथपाशी उभं केलं आणि काय येतं ते दाखव म्हणाला. राजेश्वरीनं हात मागे बांधले, मान ताठ केली आणि बोलायला सुरुवात केली. हा हेडस्टॉक, हा टेलस्टॉक, हे टूलपोस्ट. एकही नाव चुकलं नाही. प्रत्येक भागाकडे ती वीतभर लांबून बोट दाखवत होती.

"हात लाव की. चावत न्हाई ते," बजरंग म्हणाला. "चालू कर."

तिनं बटण दाबलं. लोखंड धरणारा चक गरगरायला लागला आणि ती एकदम मागे सरकली. मग कादरकडे वळून, अगदी खऱ्या आश्चर्यानं म्हणाली, "सर, याला आवाज येतो."

या वेळी कुणी हसलं नाही. वरच्या काचेच्या केबिनमधून मालकानं सगळं पाहिलं होतं. तो खुर्चीत वळून बसला.

बाहेर टपरीवर बजरंगनं चहाचा कप कादरच्या हातात दिला. म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या हाताखालची म्हंजी डोळे झाकून घ्यावी. मालकाला मी तसंच सांगितलं हुतं. किती दिस शिकली तुमच्याकडं?"

"दोन वर्षं."

"आन् काय शिकली?"

कादरनं खिशातून पैसे काढून टपरीवाल्याला दिले.

"हे बगा," बजरंग म्हणाला, "मालकाला मी सांगतो, पोरीच्या पायाला लागलंय, बरं झालं की येईल. दसऱ्यापोतर जागा धरून ठेवतो. तवर तिचा हात बसवा मशीनवर. पुढचं माझ्याकडं लागलं."

रिक्षात राजेश्वरी पाय आवळून बसली होती. एमआयडीसी मागं पडल्यावर म्हणाली, "सर, माझं चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही," कादर म्हणाला, आणि ते इतक्या रागानं म्हणाला की रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

तिचं खरंच काही चुकलं नव्हतं. शिकवलं तेच तिनं केलं होतं. चूक जिथं शिकवली जात होती ती जागा नगरमधल्या तिच्याच वस्तीच्या टोकाला होती. एका ट्रस्टनं गरीब पोरांसाठी काढलेलं तंत्रशिक्षणाचं केंद्र. दारात मोठा फ्लेक्स, आत पांढऱ्याशुभ्र फरशा. आणि मधोमध लेथ, कुणा देणगीदारानं दिलेला, नवा, हिरव्या रंगाचा, अंगावर प्लास्टिक पांघरून बसलेला. त्याला चालायला थ्री-फेज वीज लागते. थ्री-फेजचं कनेक्शन उद्घाटनाच्या दिवशीही नव्हतं आणि आजही नव्हतं. ऑफिसमधला एसी मात्र साध्या कनेक्शनवर झकास चालत होता.

पाहुणे यायचे. फरशी बघून खूश व्हायचे. वर्कशॉप असूनही किती स्वच्छ, म्हणायचे. अरे बाबांनो, कारखाना आणि स्वच्छ? ज्या चुलीवर कधी स्वयंपाक झाला नाही ती स्वच्छच राहणार. पण हे म्हणायचं कुणी? कादरनं म्हटलं नव्हतं. कंपनी बंद पडल्यावर घरी बसून कंटाळलेला माणूस, त्याला कुणीतरी सर म्हणायला लागलं होतं. फरशीवर पायाचे डाग पडतात अशी तक्रार आली तेव्हा पाटीही त्यानंच रंगवून दिली होती, त्याचं अक्षर चांगलं म्हणून. "पादत्राणे बाहेर काढावीत." त्या पाटीखाली चपलांचा रॅक होता, आणि रोज त्या रॅकपाशी वस्तीतली पोरं पायातलं काढून, हात मागे बांधून, मशीनच्या दर्शनाला आत जायची. कादर तक्त्यावर छडी ठेवून भाग शिकवायचा. पुढं जाऊन सर्टिफिकेटही मिळायचं, त्यावर सोनेरी बॉर्डर.

राजेश्वरीची आई भीमाबाई खर्ड्याकडची. नवरा गेल्यावर तिनं ऊसतोडीला जाणं बंद केलं ते या पोरीसाठी. दर हंगामाला पोरीची शाळा फडावर मोडायची, म्हणून ती नगरला येऊन राहिली आणि चार घरची धुणीभांडी करायला लागली. आता तिची कंबर साथ देईनाशी झाली होती. पावसाळ्यातच तिनं कादरला सांगून ठेवलं होतं, "सर, एका हातानं घर निगत न्हाई आता. पोरगी कंपनीत लागली तर लई चांगलं. न्हाईतर औंदा भावासंगं फडावर जावं लागतंय. तिथं जोडीमागं एक कोयता धरत्यात, तेवढा मायलेकीचा मिळून हुतो." कंपनीत जायचं म्हणून बाजारातून बूट तिनंच आणले होते. दुकानात स्वतःचा हात आत घालून तळवा चाचपून घेतलेले.

कादर रिक्षातून उतरला तो तडक केंद्राच्या ऑफिसमध्ये. केंद्राचा मॅनेजर सुनील लॅपटॉपवर होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मऊ बोलणं. वाईट माणूस असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"थ्री-फेज कधी येणार?" कादरनं विचारलं.

"सर, बसा ना. अर्ज दिलाय. प्रोसेसमध्ये आहे."

"दोन वर्षं प्रोसेसमध्येच आहे."

"आपल्या हातात आहे का ते? आणि सर, खरं सांगू, ते मशीन देणगीतलं आहे. पोरांच्या हातून काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची?"

"मशीन बिघडायला ते आधी चालावं लागतं."

सुनील हसला. "सर्टिफिकेट तर मिळतंय ना मुलांना. पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत, तेवढं होऊ द्या. मग निवांत बसून बोलू."

कादरला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. कंपनीत असताना त्यानं एकदा सुपरवायझरची कॉलर धरली होती, तीही एवढ्या कारणावरून नव्हती. पण कॉलर धरून लेथ फिरत नाही. तो बाहेर आला, केंद्राच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि भिंत थरथरत असल्याचं त्याच्या पाठीला कळलं. पलीकडे मुमताजची पिठाची गिरणी चालू होती.

गिरणीला थ्री-फेज असतं. दोन वर्षं तो त्या गिरणीतून दळण आणत होता आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. त्याला स्वतःचाही राग आला.

मुमताज पापण्यांपर्यंत पिठात माखलेली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "दुपारी दळण नसतंच, भाईजान," ती म्हणाली. "ओढून घ्या लाईन. माझा पोरगा राहील पण त्याच शाळेत दोन वर्षं चपला काढतोय ना. पण नीट करा. कुणाला शॉक बसला तर वस्ती मला जाळंल."

सुनील मीटिंगसाठी पुण्याला गेला त्या दिवशी खिडकीतून केबल आत आली. कादरनं अर्थिंग स्वतः केलं, दोनदा तपासलं. लेथवरचं प्लास्टिक फाडताना आवाज झाला तशी पोरं दचकली, काहीतरी पवित्र मोडतंय अशा नजरेनं बघत राहिली. मग त्यानं दारावरची पाटी उलटी केली.

"ज्याच्या पायात बूट तो आत," कादर म्हणाला. "चप्पलवाला बाहेरून बघेल. उद्या कुणाचे तरी मागून आणा. पाय तुटला तर मी देणार नाही दुसरा."

हा आवाज पोरांनी पूर्वी ऐकला नव्हता. हा कंपनीतला कादर होता.

राजेश्वरीला त्यानं सगळ्यात आधी खाली बघायला लावलं. "लेस लोंबायला नको. गाठ मारायची आणि उरलेली आत खोवायची. ओढणी घरी, केस टोपीत. फिरत्या मशीनला लोंबतं काहीही दिसलं की ते ओढून घेतं."

तिनं लेस आत खोवली. बटण दाबलं. या वेळी मागे सरकली नाही. टूल लोखंडाला टेकलं आणि पहिला कीस सुटला, निळसर, लांब, गुंडाळत पांढऱ्या फरशीवर पडला. काल्यावर पडावीत तशी पोरं त्याच्यावर पडली. "हात लावू नका, कापेल," कादर ओरडत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला ओरडायला बरं वाटत होतं.

मशीनचा आवाज वस्तीत गेला. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. भीमाबाई भांड्यांची कामं उरकून येत होती, ती ओल्या हातानंच खिडकीपाशी थांबली. गॉगल घातलेली पोरगी तिला आधी ओळखूच आली नाही.

"ही तू फिरिवतीस?" तिनं विचारलं.

राजेश्वरीनं मान हलवली, पण नजर कामावरून काढली नाही. भीमाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती तिथंच उकिडवी बसून राहिली, मशीन बंद होईपर्यंत.

त्या आठवड्यात तिचा हात बसायला लागला होता. कातायला घेतलेले दोन-तीन जॉब वाया गेले, मग एक बरा निघाला. माप अजून सुटायचं, पण भीती गेली होती. दसऱ्यापर्यंत असंच चाललं असतं तर बजरंगला बोलायला जागा उरली नसती.

सुनील पुण्याहून परतला तो पाहुण्यांच्या आदल्या दिवशी. तो दारातच उभा राहिला. फरशीवर तेलाचे डाग, बुटांचे काळे ठसे, कोपऱ्यात किसाचा ढीग.

"सर, हे काय करून ठेवलंत?"

"वर्कशॉप," कादर म्हणाला.

सुनीलनं खिडकीतली केबल पाहिली आणि मग त्याचा मऊपणा संपला. चोरीची वीज, विनापरवानगी, ट्रस्टच्या नावाला बट्टा, सगळं झालं. केबल निघाली. दोन बायका बोलावून फरशी ॲसिडनं घासून घेतली. मशीनला नवं प्लास्टिक आलं, खोलीला कुलूप लागलं आणि पाटी सुलटी झाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांनी शहाण्यासारखे बूट रॅकमध्ये ठेवले आणि मोज्यांवर आत आले. राजेश्वरीला सुनीलनं फोटोसाठी मशीनपाशी उभं केलं होतं. डोळ्यांवर गॉगल, हात चकवर, पाय अनवाणी. फोटोग्राफर म्हणाला, गुडघ्यापासून वरचाच घेऊ, छान येतो.

त्यांच्यातल्या एक बाई प्रेमळ होत्या. "चालू करून दाखव ना बेटा," त्या म्हणाल्या.

राजेश्वरीनं सुनीलकडे पाहिलं. सुनील म्हणाला, "आज नेमके लाईट गेलेत मॅडम."

डोक्यावर पंखा फिरत होता. तो सगळ्यांना दिसत होता आणि वर कुणी बघत नव्हतं. कादर भिंतीपाशी उभा होता.

"लाईट आहेत," तो म्हणाला. "मशीनला वायर नाही. आल्यापासून नाही. ही पोरं दोन वर्षं अनवाणी येऊन त्याचं दर्शन घेतात. मागच्या आठवड्यात ही पोरगी कारखान्यात कामाला गेली आणि बूट बाहेर काढून लोखंडावरून चालली. मी पण काढत होतो. मीच शिकवलं ते. तिची टाच बघा, फोटोत येणार नाही ती."

कुणीतरी खाकरलं. प्रेमळ बाईंनी राजेश्वरीच्या पायाकडे पाहिलं आणि लगेच नजर उचलली. "याचा फॉलोअप घेऊ आपण," एक गृहस्थ म्हणाले. मग चहा आला, सोबत काजू आले. जाताना सगळ्यांनी आपापले बूट बरोबर ओळखून घातले.

संध्याकाळी सुनील पुन्हा मऊ बोलला. "सर, तुमची तब्येत बरी दिसत नाही. थोडे दिवस आराम करा. आम्ही कळवू."

खोलीचं कुलूप पुढंही निघालं नाही. कादरनं ओळखीच्या इतर शेडमध्ये राजेश्वरीसाठी शब्द टाकून पाहिला. पण अनवाणी पोरीची गोष्ट त्याच्या आधी तिथं पोचली होती. लोक चहा पाजायचे, हसायचे आणि बघू म्हणायचे. कंपनीतली माणसं हसतात तेव्हा वाईट हेतूनं हसत नाहीत हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं राग कमी होत नव्हता.

खंडेनवमीला तो आपली हत्यारांची पिशवी आणायला केंद्रात गेला. खोली त्या दिवशी उघडी होती. लेथला झेंडूचा हार घातला होता, प्लास्टिकवरूनच हळदीकुंकू लावलं होतं. पोरं अनवाणी ओळीनं उभी राहून नारळ फुटायची वाट बघत होती. कादरनं कंपनीत असताना दर खंडेनवमीला बजरंगच्या बरोबरीनं मशीन धुतलं होतं, पुसलं होतं, हार आणले होते. वर्षभर राबलेल्या मशीनचा तो एक दिवस असायचा, त्या दिवशी त्याला कुणी हात लावायचं नाही. आणि इथं? वर्षभर बसून खाल्लेल्याला हार.

राहीलनं त्याला प्रसाद आणून दिला. कादरनं तो घेतला, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बूट न काढताच खोलीत गेला. पिशवी उचलली. पांढऱ्या फरशीवर दारापासून मशीनपर्यंत आणि परत, त्याचे ठसे उमटले.

दसऱ्यानंतर बजरंगचा फोन आला. "कादरभाई, मी थांबलो हुतो," एवढंच तो म्हणाला. कादर बरं म्हणाला. म्हणजे ती जागा गेली होती.

दिवाळी झाली आणि एका सकाळी वस्तीत टेम्पो आला. भीमाबाईचा भाऊ खर्ड्याहून आला होता. पत्र्याची पेटी, चूल, घोंगड्या, दोन कोयते गोणपाटात बांधलेले. कादर पोचला तेव्हा सामान चढवून झालं होतं. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण भीमाबाईला बघितल्यावर ते सगळं पोकळ वाटलं.

"भीमाबाई, माझ्यामुळं झालं हे," तो म्हणाला.

"न्हाई ओ सर," ती म्हणाली. "तुमी एकट्यानं तरी त्यांना सुनावलं. आन् बुटं वाया न्हाई जायची. फडात तोडल्या उसाचे सड लई लागत्यात पायाला. मी जलमभर उघड्या पायानं तोडला ऊस. हिला तरी बूट हायती."

राजेश्वरी टेम्पोत मागं बसली होती, पाय बाहेर सोडून. तिनं कादरला बघितलं आणि थोडं हसल्यासारखं केलं. टेम्पो सुरू झाला. रस्त्यावरच्या खड्ड्यात तो हिंदकळला तसे तिचे पाय वर उडाले आणि बूट उन्हात आले. गाठ घट्ट मारलेली होती, आणि उरलेली लेस आत खोवलेली होती.